दोन्ही हात हँडलवर

येरमाळ्यात मला लोक ‘गाडीवाल्या ताई’ म्हणतात. काहींच्या तोंडी त्यात आदर असतो, काहींच्या तोंडी चेष्टा, आणि माझ्या सख्ख्या जावेच्या तोंडी दोन्ही एकदम. मी बायकांना स्कूटी शिकवते. आता गुडघे कुरकुर करायला लागलेत, गाडीमागं पळवत नाही, म्हणून या दिवाळीनंतर मैदान सोडायचं ठरवलं आहे. ही बातमी दिवाळी अंकवाल्यांच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. त्यांचा फोन आला, “तुमचे अनुभव लिहा.” मी म्हटलं, माझे कसले अनुभव, पडणाऱ्या त्या आणि उचलणारी मी. ते म्हणाले, तेच लिहा.

तर आधी एवढं सांगते, की मी जन्मतः गाडीवाली नाही. हायवेला माझा एक गाळा आहे. त्यात पहिल्यांदा फोनबूथ होतं. मोबाईल आले आणि फोन करायला येणाऱ्यांपेक्षा मोबाईल चार्ज करायला येणारे जास्त झाले, तेव्हा मी पाटी उतरवली आणि पिको-फॉलची लावली. पुढं ब्युटी पार्लरची लावली. पाट्या रंगवणारा पेंटर एकच. तिसऱ्या पाटीच्या वेळी शिडीवर उभा राहून त्यानं गंभीरपणे विचारलं, “ताई, खिळे पक्के ठोकू का सैल ठिवू?”

पार्लरमध्ये बायका आरशासमोर डोळे मिटून बसल्या की मनातलं बोलतात. एकीच्या भुवया करताना ती म्हणाली, “ताई, भुवया नसल्या तरी चालतील, पण तुमच्यावाणी गाडी यायला पाहिजे होती.” तिला मी आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात नेऊन शिकवलं. ती शिकली, तिची नणंद आली, नणंदेची मैत्रीण आली, आणि बघता बघता पार्लरला कुलूप लागलं. पेंटरला यावेळी मी बोलावलंच नाही. मैदानाला पाटी लागत नाही.

लोकांना वाटतं स्कूटी शिकवायला काय लागतं, बसवलं की चालली. तसं नाही. पहिला नियम, नवऱ्याला मैदानावर यायला बंदी. आमच्या ह्यांनी मला शिकवली होती, तेव्हा गाडीच्या आवाजापेक्षा ह्यांचाच आवाज मोठा होता. दुसरं, पहिले दोन दिवस गाडी चालूच करायची नाही. नुसती ढकलायची, स्टँडवर चढवायची, उतरवायची, आडवी पाडून उचलायची. गाडीचं वजन कळलं की तिची निम्मी भीती जाते. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. बाई घाबरली की हातात असेल ते घट्ट धरते. उजव्या हाताची मूठ घट्ट पिळली की गाडी थांबत नाही, उलट उधळते. म्हणून मी मागं पळत एकच ओरडत असते, “मूठ सोड, मूठ सोड.” बाजारतळाजवळच्या लहान पोरांना ते इतकं पाठ झालं आहे, की मी भाजी आणायला गेले तरी मागनं हाळी येते.

शिकणं संपलं की आम्ही लिंबाखाली बसायचो. थर्मासमधला चहा, कुणाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आणि गप्पा. शिकवणं अर्धा तास चालायचं, गप्पांना काही धरबंध नव्हता. मला नंतर नंतर वाटायला लागलं, की बायका गाडीच्या निमित्तानं गप्पांनाच येतात. मी ज्या तिघींबद्दल लिहिणार आहे, त्या या लिंबाखालीच एकमेकींना सापडल्या.

पहिल्या मंगलमावशी. आयुष्यभर शाळेत पोरांना खिचडी रांधली. वय झालं म्हणून ते काम सुटलं, तेव्हा त्यांनी घरी कडक भाकरी करून ढाब्यांना द्यायला सुरुवात केली. भाकरी खपायला लागली, पण पोचवणार कोण? मुलगा म्हणाला, रविवारी पोचवतो. मावशी म्हणाल्या, “ढाब्यावरली लोकं रोज जेवतेत रं.” आणि नातवाची गाडी घेऊन मैदानावर आल्या.

मावशी गाडी झकास शिकल्या. फक्त एकदा मी त्यांना रस्त्यावर काढलं आणि समोर येडेश्वरीच्या डोंगरावरचं देऊळ दिसलं. मावशींनी हँडलवरचे दोन्ही हात काढले, जोडले, डोळे मिटले. मी मागं बसले होते. गाडी थोडा वेळ स्वतःच्या विचारानं चालली आणि रसवंतीच्या मागं टाकलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगात शिरली. आम्ही दोघी चिपाडात कमरेएवढ्या बसलो होतो. मावशींनी आधी कपाळावरचं चिपाड काढलं, मग म्हणाल्या, “बघा, देवीनं डांबरावर न्हाय टाकलं. मऊ जागा बघून टाकलं.”

त्या दिवसापासून मी नियम केला, देवीला नमस्कार हॉर्ननं करायचा. बायकांनी तो इतका मनावर घेतला, की पायथ्याचे नारळवाले माझ्याकडं तक्रार घेऊन आले. दिवसभर पीं-पीं चालू असायचं. मी म्हटलं, घंटा वाजवलेली चालते ना तुम्हाला?

दुसरी वंदना. ही रोज दहाच्या सुमारास यायची, इस्त्रीचा ड्रेस, खांद्यावर पर्स, हातात डबा. “जय भीम, ताई,” म्हणून गाडीवर बसायची. गाडी चालू केल्यावर दोन दिवसांत ती रस्त्यावर आली. एका सरकारी कचेरीत कंत्राटी कॉम्प्युटरचं काम करते, एवढंच तिनं सांगितलं होतं. मला प्रश्न पडायचा, दहाला ही इथं, मग कामावर जाते कधी? मंगलमावशींना असा प्रश्न पोटात ठेवता येत नाही. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “तुजं हापीस कितीला उघडतंय गं?”

वंदनानं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. म्हणाली, “माझं कंत्राट संपलंय, मावशी. उन्हाळ्यातच संपलं. घरी सांगितलं नाही. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आई शेतावर राबली ते मी खुर्चीवर बसावं म्हणून. मी डबा घेऊन निघाले की ती दारात उभी राहून बघते. तिला काय सांगू?”

मावशी जरा वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, “माजी चूल गेली तवा म्या बी आठ दिस शाळेला जाऊन बसले. नव्या बाईला मीठ किती टाकायचं सांगायला. तिनं हाकललं तवा घरी आले.” वंदना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग मावशी, मग मी. हायवेवरून जाणारा ट्रकवाला गाडी हळू करून बघत गेला. त्याच संध्याकाळी वंदनानं आईला सांगितलं. आई म्हणाली, “मला ठाऊक होतं की. तुझा डबा रिकामा यायचा. हापिसात तू कधी पुरा डबा खाल्ला न्हायस.”

आता तिसरी. जिच्यामुळं हे सगळं लिहायला बसले, ती सोजर.

सोजर जवळच्या एका वाडीवरची. घर मेंढपाळाचं. चारणीला जागा उरली नाही म्हणून मेंढरं विकून टाकलेली, नवरा पुण्याकडं ट्रकवर. ही चाळिशीची, उंच, सडसडीत, नऊवारीतली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “मेंढरं गेली तवापासनं हातपाय हायेत, पण काम न्हाय.” आणि काम चालून आलं होतं. आजूबाजूच्या गावांत फिरून शेळ्यांना लस द्यायची, जंताचं औषध पाजायचं, त्या कामाला पशुसखी म्हणतात. सोजरनं प्रशिक्षण घेतलं होतं. त्याला स्वतःची गाडी आणि पक्कं लायसन लागतं. गाडी आली होती, लायसन तेवढं राहिलं होतं. कळंबला आरटीओचं शिबिर लागणार होतं. त्यात लायसन झालं तर काम सोजरचं. नाही झालं तर शेजारच्या गावची एक बाई आधीच लायसन घेऊन बसली होती.

सोजरला मूठ सोडायला शिकवावं लागलं नाही. तिला भीतीच नव्हती. सुरुवातीला गाडी वेगात गेली की “हर्र, हर्र” म्हणायची, एवढंच. पण पहिल्या वळणावर तिचा डावा हात हँडल सोडून डोक्याकडं गेला आणि ती बाभळीत गेली. दुसऱ्या वळणावर तसंच. मी म्हटलं, हिला खांद्याचा काही त्रास आहे काय? मग मंगलमावशींनी मला कोपरानं ढोसलं आणि मैदानाच्या कडेला बोट दाखवलं.

तिथं दगडावर सोजरचे सासरे बसले होते. लाल पटका, पांढऱ्या मिशा, काठीवर हनुवटी. रोज सुनेबरोबर टमटममधून यायचे आणि तिथं बसायचे. सोजर वळून त्यांच्या समोर आली, की तिचा हात आपोआप पदराकडं जायचा. मोठ्या माणसासमोर डोक्यावर पदर हवा. डोक्यावर होताच तो, पण वाऱ्यानं घसरायचा, आणि घसरला नसला तरी हात जाऊन बघायचा.

मला वाटलं, म्हाताऱ्यानं सुनेवर पहारा ठेवलाय. पदर खोचून गेले त्यांच्याकडं. “बाबा, तुम्ही समोर बसता म्हणून सून पडते. तिला सांगा, पदर घ्यायचा नाही म्हणून.”

ते सावकाश म्हणाले, “बाई, म्या कधी सांगितलं व्हय तिला पदर घे म्हणून? तिची तीच घेती.”

“मग इथं रोज कशाला येता?”

“गाडी कशी पळती बघायला. शेवटचे दोन बोकड इकून घेतलीया. बघू बी नको का?”

मी खोचलेला पदर सोडला. परत येऊन सोजरला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, “व्हय ताई, मामांनी कवाच सांगितलं न्हाय. पण त्यांच्यापुढं हात थांबतच न्हाय. लगीन झाल्यापासनं हाताला तेवढंच ठाव हाय.”

मग आम्ही तिघी कामाला लागलो. सासऱ्यांना आम्ही चहाच्या टपरीवर बसवलं. उपयोग शून्य, कारण हायवेवर पटकेवाले म्हातारे काय कमी आहेत? सोजर प्रत्येकाला मान देत बाभळीत जायची. वंदना म्हणाली, पदराला पिना लावू आणि वर हेल्मेट घालू. झकास कल्पना. सोजर समोर आली, हात वर गेला, पदर सापडला नाही म्हणून तिनं हेल्मेटच पुढं ओढलं आणि डोळे झाकून घेतले. ती थेट कोबीचा पाला टाकतात त्या ढिगात गेली.

शेवटी वंदना म्हणाली, हाताला सवय लावायची तर सवयीचा सासरा पाहिजे. तिनं आपली ओढणी पटक्यासारखी गुंडाळली, मंगलमावशींनी काजळानं तिला झुपकेदार मिशा काढल्या, आणि ती काठी घेऊन सासऱ्यांच्या दगडावर बसली. हनुवटी काठीवर, डोळे बारीक. सोजर वळून आली, तिनं वंदनाकडं बघितलं आणि हसून हसून गाडीसकट आडवी झाली. उठली, परत आली, परत आडवी. मी हसू नको म्हणून ओरडत होते आणि माझंच पोट दुखत होतं. तिसऱ्या खेपेला मात्र तिचे दोन्ही हात हँडलवर राहिले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून खरे सासरे टपरीवरून आले. आपल्या दगडावर बसलेल्या मिशाळ बाईकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. वंदना दगडावरच थिजली. ते म्हणाले, “बस बाई, बस. म्या तिकडं सावलीला बसतो.” आणि खरंच जाऊन बसले. सोजरचा हात वर गेला तो गेलाच.

असे दिवस चालले होते. लिंबाखाली गप्पा मात्र बदलल्या होत्या. आधी आम्ही झालेलं सांगायचो, आता होणारं बोलायला लागलो. वंदनाला लोकांचे अर्ज भरून द्यायचं दुकान टाकायचं होतं. मी म्हटलं, माझा गाळा कुलपात पडलाय. झालं, ठरलं. पेंटर आला, पाटी लावली, आणि यावेळी खिळ्यांचं विचारलं नाही. मंगलमावशी सोजरला सांगायच्या, “तू पास झालीस की माज्या ढाब्याच्या भाकरी बी नेत जा, वाटंतच हाय.” सोजर गप्प ऐकायची. एकदाच म्हणाली, “मावशी, म्या आजवर मेंढराच्या मागनंच चालले. कुणी म्होरं जा म्हणलंच न्हाय.” तिच्यासाठी मला त्या दिवसापासून रात्री झोप लागेना.

शिबिराच्या दिवशी आम्ही चौघी कळंबला गेलो. सासऱ्यांना घरी बसवलं होतं, सोजरनंच हात जोडून सांगितलं होतं. मैदानावर फक्कीनं मोठा आठ काढला होता. त्या आठाच्या दोन रेषांमधून गाडी न्यायची, पाय टेकला की नापास. गर्दी चिक्कार. माझ्या हातून शिकून गेलेल्या कितीतरी जणींच्या परीक्षा मी बघितल्या आहेत, पण त्या दिवशी मी तोंडातल्या तोंडात ‘दोन्ही हात, दोन्ही हात’ म्हणत होते. मंगलमावशी देवीचं नाव घेत होत्या, वंदना नखं खात होती.

सोजरचं नाव पुकारलं. तिनं गाडी चालू केली, पहिला गोल झकास घेतला. मधली फुली ओलांडली. दुसऱ्या गोलाचं वळण सुरू झालं आणि मला कुंपणापलीकडं लाल पटका दिसला.

ते आले होते. घरात बसवेना म्हणून एसटी धरून आले होते. गर्दीत सगळ्यात उंच, त्यामुळं लपण्याची सोयच नाही. वळण असं, की सोजर फिरून बरोबर त्यांच्यासमोर येणार. मी तोंडावर हात ठेवला. वंदना पुटपुटली, “गेलं.”

सोजरनं त्यांना बघितलं. डावा हात हँडलवरनं उचलला. गाडी डुगडुगली, चाक फक्कीच्या रेषेवर गेलं, तिचा डावा पाय फूटबोर्डवरून सुटला.

म्हाताऱ्यानं ते बघितलं, आणि त्यांनी पाठीवर सोडलेला पटक्याचा शेव धरून स्वतःच्या तोंडावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतला. भर गर्दीत, नव्या नवरीसारखा. काठी टेकून तसेच ताठ उभे राहिले. सभोवतालची माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, “आजोबा, लाजलात का?” ते हलले नाहीत.

सोजरचा हात खाली आला आणि हँडलवर बसला. पाय जमिनीला लागला नाही. वळण पुरं झालं, फुली परत आली, गाडी रेषेबाहेर येऊन थांबली. साहेबांनी ‘पास’ म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांच्यासाठी ती एक बाई होती, पुढं बरीच रांग होती. आम्ही तिघी मात्र एकमेकींना मिठ्या मारून उड्या मारत होतो. माझे कुरकुरणारे गुडघे त्या दिवशी काहीच बोलले नाहीत.

सोजर आमच्याकडं आलीच नाही. गाडी स्टँडवर लावून ती कुंपणाशी गेली. आता दोन्ही हात मोकळे होते, तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

“कोण?” ते शेवाखालनं म्हणाले.

“म्या हाय, मामा.”

“पाय टेकला का?”

“न्हाय टेकला.”

म्हाताऱ्यानं मान हलवली, पण शेव काढला नाही. आम्ही तिघी पोचलो तरी काढला नाही. ऊन मरणाचं होतं, लोक अजून बघत होते. सोजर हळूच म्हणाली, “मामा, आता काढा की. झालं समदं.”

“थांब जरा,” ते म्हणाले. आवाज ओला होता. “आतनं कसं दिसतंय ते बघतुया.”